डॉली पार्टन : गाणं सगळ्यांचं, सातबारा मात्र तिच्या नावावर

नमस्कार मंडळी, आज ज्या बाईबद्दल बोलायचंय तिचं नाव तुम्ही बहुतेकांनी शाळेतच ऐकलेलं आहे, फक्त ते तिचं आहे हे कुणी सांगितलं नसेल. सायन्सच्या पुस्तकातली डॉली मेंढी आठवते का, क्लोनिंगवाली, १९९६ साली स्कॉटलंडमधे एडिनबरोजवळच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटमधे जन्मलेली? ती मेंढी दुसऱ्या एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून तयार केली होती, आणि कास म्हटल्यावर त्या शास्त्रज्ञ मंडळींना जी बाई आठवली ती म्हणजे अमेरिकेची गायिका डॉली पार्टन. जोक चावट आहे, रेडिओवर याच्यापुढे समजावून सांगत नाही, तुम्ही समजून घ्या.

पण जग तिला असंच ओळखतं हो, काय करणार. सोनेरी केसांचा हा एवढा टोप, भडक मेकअप, लांबच लांब नखं, टिकल्या लावलेले चमचमते कपडे. ती स्वतःच सांगते की लहानपणी गावातली एक बदनाम बाई तिला फार आवडायची, पिवळे केस, लाल लिपस्टिक, घट्ट कपडे, आणि तिच्याकडे बघूनच हिनं ठरवलं की मोठं झाल्यावर आपण असंच दिसायचं. एकदा तर पुरुष बायकांच्या वेषात येतात तशा एका डॉलीसारखं दिसण्याच्या स्पर्धेत ही स्वतः गुपचूप जाऊन उभी राहिली आणि हरली, म्हणजे खरी डॉली लोकांना कमी डॉली वाटली! हे सगळं ठीके, मजेशीर आहे, पण मला आज बोलायचंय ते तिच्या लिहिण्याबद्दल आणि तिच्या हिशोबाबद्दल, कारण माझं मत विचाराल तर ही बाई आधी गीतकार आहे, मग गायिका, आणि तो टोप वगैरे सगळ्यात शेवटी.

जन्म १९ जानेवारी १९४६, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, सेव्हियर काउंटीत, ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाच्या डोंगररांगेत. एका खोलीचं लाकडी घर, बारा भावंडं, त्यात हिचा नंबर चौथा. वडील रॉबर्ट ली तंबाखूची शेती करायचे, मिळेल ते काम करायचे, आणि त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाळंतपणाला जो डॉक्टर आला त्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, आणि डॉलीनं पुढे त्या डॉक्टरवरही गाणं केलं. आई एव्ही ली गाणारी, त्या डोंगरातल्या जुन्या कथागीतांचा साठा तिच्याकडे, त्यातली कितीतरी गाणी इंग्लंड स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेली, खून, विरह, बुडालेल्या पोरी असले विषय. आजोबा चर्चमधे धर्मोपदेशक, तिथंही गाणंच गाणं. पाच सहा वर्षांची असताना, म्हणजे नीट लिहायला यायच्याही आधी, डॉलीनं पहिलं गाणं रचलं आणि आईनं ते कागदावर उतरवलं. विषय काय तर दाणे काढलेल्या कणसाची बाहुली.

आता आमच्या धंद्याचा भाग येतो म्हणून जरा रेंगाळते. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडचं संगीत, हे रेडिओनं वाढवलेलं संगीत आहे. नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीनं १९२५ मधे रेडिओ स्टेशन काढलं, आणि त्यावर शनिवारी रात्री गावाकडच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला, तोच पुढे ग्रँड ओल ऑप्री झाला आणि तो आजही चालू आहे, शंभर वर्षं! घराघरात शनिवारी रात्री लोक रेडिओभोवती बसायचे. तर डॉली दहा वर्षांची असताना तिचा बिल मामा तिला नॉक्सव्हिलला घेऊन गेला, तिथं कॅस वॉकर नावाचा किराणा दुकानांच्या साखळीचा मालक होता आणि तो आपल्या दुकानांच्या जाहिरातीसाठी रेडिओ आणि टीव्हीवर गाण्याचे प्रोग्रॅम करायचा. तिथं ही पैसे घेऊन गायला लागली, आणि घरी टीव्ही नसलेली पोरगी टीव्हीवर दिसायला लागली. तेरा वर्षांची झाली तेव्हा ऑप्रीच्या स्टेजवर उभी, आणि तिची ओळख करून दिली जॉनी कॅश या कंट्रीतल्या बड्या गायकानं. पहिली रेकॉर्डही त्याच वर्षी आली, १९५९, लुइझियानातल्या एका छोट्या कंपनीनं काढली, आजीबरोबर लांबचा बस प्रवास करून गेली होती त्यासाठी. रेकॉर्ड काही चालली नाही.

१९६४ मधे हायस्कूल संपलं. निरोप समारंभात प्रत्येकानं उठून सांगायचं की आता पुढे काय करणार, ही म्हणाली की मी नॅशव्हिलला जाऊन स्टार होणार आणि अख्खा हॉल हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमधे. आणि त्या पहिल्याच दिवशी कपडे धुवायला एका लाँड्रीत गेली, तिथं बाहेर कार्ल डीन नावाचा मुलगा भेटला, दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं, आणि तेही राज्याबाहेर जॉर्जियात जाऊन गुपचूप, कारण रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतं की लग्न झालेली पोरगी विकली जात नाही. या कार्लचा रस्त्यांवर डांबर टाकायचा व्यवसाय होता आणि त्याला प्रसिद्धीचा इतका कंटाळा की लोकांना वाटायचं हा नवरा खरंच आहे की बाईनं बनवलाय. मार्च २०२५ मधे तो गेला, लग्नाला साठ वर्षं व्हायला थोडंच कमी होतं.

नॅशव्हिलमधे सुरुवातीला तिच्या आवाजाचं काय करायचं तेच कंपनीला कळेना. बारीक, थरथरता, लहान मुलीसारखा आवाज, त्यामुळे तिच्याकडून पॉप गाऊन घेत होते. दार उघडलं ते गाण्यानं नाही, लिहिण्यानं. मामाबरोबर लिहिलेलं एक गाणं १९६६ मधे बिल फिलिप्स या गायकानं गायलं, ते हिट झालं, त्यात मागे जो बाईचा आवाज येतो तो हिचाच, पण रेकॉर्डवर नाव नव्हतं, आणि लोक रेडिओ स्टेशनला विचारायला लागले की ही बाई कोण. तेव्हा कुठे कंपनी म्हणाली बरं बाई, गा तू कंट्री.

१९६७ मधे पोर्टर वॅगनर नावाच्या मोठ्या स्टारनं तिला आपल्या टीव्ही शोमधे घेतलं, पगार वर्षाला ६० हजार डॉलर, त्या काळात आणि तिच्या घरच्या परिस्थितीत हा आकडा म्हणजे काय असेल विचार करा. आधीची गायिका नॉर्मा जीन लोकांची लाडकी होती, त्यामुळे सुरुवातीला ही स्टेजवर आली की प्रेक्षक नॉर्मा जीनच्या नावानं ओरडायचे. मग पोर्टर तिच्याबरोबर उभा राहून द्वंद्वगीतं गायला लागला आणि हळूहळू लोकांनी स्वीकारलं. सात वर्षं ही जोडी चालली.

आणि याच सात वर्षांत तिनं जे लिहिलंय ना, त्याला तोड नाही, पुढे ती कितीही मोठी झाली तरी माझ्या मते लेखक म्हणून तिची खरी कमाई इथली. १९७१ चं कोट ऑफ मेनी कलर्स घ्या. लहानपणी आईनं चिंध्या जोडून तिला कोट शिवला, म्हणजे अंगात घालायची गोधडीच म्हणा ना, आणि शिवताना आईनं बायबलमधली योसेफच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगितली, पोरगी फुशारकीत तो कोट घालून शाळेत गेली आणि पोरं हसली. एवढंच. हे गाणं तिला दौऱ्याच्या बसमधे सुचलं, कागद सापडेना, तर पोर्टरच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीच्या मागे लिहिलं. गाण्यात रडारड नाही, पोरीला खरंच कळत नाहीये की हे हसतायत का, तिच्या लेखी तो कोट भारीच आहे, आणि ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो तो तिच्या त्या न कळण्यामुळे.

मग जोलीन, १९७३. हे गाणं इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्यांनीही कुठंतरी ऐकलेलं असतं. बँकेत एक लाल केसांची क्लार्क होती, ती डॉलीच्या नव्याकोऱ्या नवऱ्याकडे जरा जास्तच हसून बघायची आणि नवऱ्याच्या बँकेच्या फेऱ्या वाढल्या, आणि नाव मिळालं ते ऑटोग्राफ मागायला आलेल्या एका छोट्या मुलीचं. त्या काळातली कंट्री गायिका असली परिस्थिती आली की समोरच्या बाईला बघून घेते म्हणायची, लोरेटा लिनचं तर एक गाणं सरळसरळ ठोकून काढायची धमकी आहे, ऐकायला फार मजा येते. डॉली उलटं करते. ती त्या दुसऱ्या बाईच्या रूपाचं वर्णन करत बसते, केस, डोळे, आवाज, हसणं, आणि मग विनवणी करते की तुला कुणीही मिळेल, माझा एकच आहे, तो नेऊ नकोस. नवरा गाण्यात जवळजवळ नाहीच हो! दोन बायकांमधलं बोलणं आहे ते. आणि नाव चार वेळा घेते, दर वेळी सूर जरा सरकलेला, त्या चार हाकांमधे सगळी भीती आली. पन्नास वर्षांनी, २०२४ मधे बियॉन्सेनं हे गाणं घेतलं तेव्हा शब्द बदलून परत धमकीचं केलं, ते चांगलंय की वाईट यावर भांडणं झाली, मला विचाराल तर मूळच्या विनवणीत जास्त ताकद आहे.

तोपर्यंत पोर्टरबरोबर खटके उडायला लागले होते. त्याला वाटायचं मी हिला घडवली, हिला वाटायचं मी पाच वर्षं म्हणून आले होते आणि सात होत आली. बोलून काही उपयोग होईना, भांडणच व्हायचं, मग ती घरी गेली, एक गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात बसून गायलं, आय विल ऑल्वेज लव्ह यू. तो रडला, म्हणाला हे तुझं सगळ्यात चांगलं गाणं आहे, जा तू, फक्त हे रेकॉर्ड मी करणार. तर हे जगातलं एवढं मोठं प्रेमगीत म्हणजे खरं तर नोकरीचा राजीनामा आहे. १९७४ मधे ते कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं. पोर्टरनं पुढे १९७९ मधे तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा ठोकला ते वेगळं, तडजोड झाली, तिनं पैसे दिले, आणि तरीही २००७ मधे तो गेला त्या शेवटच्या दिवशी ती त्याच्याजवळ होती.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्याच १९७४ च्या सुमाराला एल्व्हिस प्रेस्लीला हे गाणं गायचं होतं. एल्व्हिस! डॉली हवेत, सगळ्यांना सांगून मोकळी. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी एल्व्हिसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्करचा फोन, की आमचा नियम आहे, एल्व्हिस जे गाणं गातो त्याचे निम्मे पब्लिशिंग हक्क आमच्याकडे येतात. हे हक्क म्हणजे काय ते जरा नीट बघा. एक असतं रेकॉर्डिंग, म्हणजे अमुक गायकानं अमुक दिवशी गायलेलं, ते कंपनीचं. आणि दुसरं असतं मूळ गाणं, शब्द आणि चाल, त्याची मालकी वेगळी, ते कुणीही गायलं, सिनेमात वापरलं, रेकॉर्ड विकली गेली की त्याचे पैसे लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला. अमेरिकेत तर आमच्यासारख्या रेडिओनं गाणं वाजवलं की पैसे गायकाला मिळतच नाहीत, फक्त गीतकार आणि पब्लिशरला मिळतात. डॉलीनं आपल्या गाण्यांची पब्लिशिंग कंपनी स्वतःच काढलेली होती, व्हेल्व्हेट ॲपल म्युझिक. म्हणजे लिहिणारीही तीच आणि पब्लिशरही तीच, सातबारा तिच्या नावावर.

ती पार्करला नाही म्हणाली. अठ्ठावीसच्या आसपास वय, नुकताच पोर्टरचा शो सोडलेला, समोर जगातला सगळ्यात मोठा गायक, आणि नाही. रात्रभर रडली म्हणते. लोकांनी वेड्यात काढलं. पण तिचं म्हणणं असं की ही गाणी मी माझ्या घरच्यांसाठी ठेवून जाणार आहे, ती अशी वाटता येणार नाहीत. डोंगरातल्या गरिबाला वस्तू कशी धरून ठेवायची ते कळतं, त्याच्याकडे असतंच काय दुसरं. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांचे हक्क वर्षानुवर्षं निर्माता आणि कंपनीच्या खिशात जात आले, २०१२ मधे कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही अशी सोय झाली, जावेद अख्तरांनी त्यासाठी बरंच रान उठवलं होतं, त्यामुळे हे प्रकरण वाटतं तेवढं परकं नाहीये.

पुढचं तुम्हाला माहितीये. १९८२ मधे डॉलीनं एका सिनेमासाठी हेच गाणं पुन्हा गायलं आणि ते पुन्हा कंट्रीत एक नंबर. आणि १९९२ मधे बॉडीगार्ड सिनेमा आला, केव्हिन कॉस्टनरनं हे गाणं सुचवलं, गायली व्हिटनी ह्यूस्टन, आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत १४ आठवडे एक नंबरला. डॉलीनं ते पहिल्यांदा गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं, आपलंच गाणं आहे हे कळायला क्षणभर लागला आणि मग गाडी बाजूला घ्यावी लागली. तिनं डोंगरातलं हळू आवाजात निरोप घेणारं गाणं लिहिलं होतं आणि व्हिटनीनं त्याचा धबधबा केला, दोन्ही आपापल्या जागी खरे. पैसे इतके आले की एल्व्हिसचा ग्रेसलँड बंगला विकत घेता आला असता असं ती गमतीनं म्हणते. त्यातल्या पैशातून तिनं नॅशव्हिलमधे काळ्या लोकांच्या वस्तीत ऑफिसांची एक जागा घेतली, व्हिटनीमुळे पैसे आले तर तिच्या लोकांच्या वस्तीत लावावेत म्हणून, हे तिनं खूप वर्षांनी सांगितलं.

आता पॉपकडे जाते पण भराभर. १९७७ मधे तिनं ठरवलं की कंट्रीच्या कुंपणाबाहेर पडायचं, नॅशव्हिलची जुनी मंडळी चिडली, बाई आपल्याला सोडून चालली म्हणून. हिअर यू कम अगेन हे गाणं तिनं लिहिलेलं नव्हतं, बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल या जोडीचं होतं, आणि इतकं गुळगुळीत होतं की तिलाच भीती वाटली, मग निर्मात्याला सांगून त्यात स्टील गिटार, म्हणजे कंट्रीतली ती ओढलेल्या सुरांची गिटार, घालायला लावली, म्हणजे कुणी बोललं तर दाखवता येईल की हे बघा कंट्री आहे! ते पॉप यादीत तीन नंबरपर्यंत गेलं, ग्रॅमी मिळालं. १९८३ मधे गायक केनी रॉजर्सबरोबरचं आयलंड्स इन द स्ट्रीम, ते लिहिलं होतं बी जीज या पॉप बँडनं. ऐंशीच्या दशकातले तिचे काही अल्बम मला अजिबात आवडत नाहीत, सिंथेसायझरचा नुसता चिवडा आहे, खरं सांगते. पण १९८७ मधे लिंडा रॉनस्टॅड आणि एमीलू हॅरिस या गायिकांबरोबर ट्रायो नावाचा अल्बम केला, आणि १९९९ मधे, रेडिओनं वयस्कर कंट्री कलाकारांना वाजवणं बंद केल्यावर, द ग्रास इज ब्लू नावाचा ब्लूग्रासचा, म्हणजे त्या डोंगरांकडच्या तंतुवाद्यांच्या जुन्या ढंगाच्या संगीताचा, अल्बम काढला, बँजो मेंडोलिन फिडल आणि तो आवाज, ते मात्र मिळेल तिथून ऐका.

पैशाचं तिनं काय केलं तेही सांगायला पाहिजे. १९८६ मधे स्वतःच्याच काउंटीत, पिजन फोर्ज गावात, आधीचा एक थीम पार्क होता त्यात भागीदारी घेऊन डॉलीवुड काढलं, आज तिकडच्या भागात सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी जागा ती आहे. २०१६ मधे त्या डोंगरात वणवा लागला, घरं जळाली, तर ज्यांची घरं गेली त्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याला हजार डॉलर, सहा महिने, आणि शेवटच्या हप्त्याला पाच हजार. फॉर्म चौकशी समिती वगैरे फारसं काही नाही, घर गेलंय ना, घे. २०२० मधे कोव्हिडच्या संशोधनाला व्हँडरबिल्ट विद्यापीठाला १० लाख डॉलर दिले, त्यातला काही भाग मॉडर्नाच्या लशीच्या कामाला उपयोगी पडला.

आणि वडील, ज्यांना वाचता येत नव्हतं. १९९५ मधे तिनं इमॅजिनेशन लायब्ररी सुरू केली, आधी फक्त आपल्या काउंटीपुरती, जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाला दर महिन्याला एक पुस्तक पोस्टानं घरी, मुलाच्या नावानं, फुकट. आता अमेरिकेबाहेर कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातही जातं आणि वाटलेल्या पुस्तकांचा आकडा २० कोटींच्या पुढे गेलाय. वडील २००० मधे गेले पण त्यांनी ही योजना बघितली, आणि पोरं आपल्या मुलीला पुस्तकवाली बाई म्हणतात याचं त्यांना तिच्या गाण्यांपेक्षा जास्त कौतुक होतं असं ती सांगते.

सगळंच गोड आहे असंही नाही. तिचा एक जेवणासकटचा शो होता, त्यात अमेरिकन यादवी युद्धाची उत्तर विरुद्ध दक्षिण अशी घोड्यांच्या शर्यतीसारखी गंमत केली होती, ज्या गुलामगिरीवरून ते युद्ध झालं तिचं नावच नाही. टीका झाली, २०१८ मधे शोच्या नावातून डिक्सी, म्हणजे त्या जुन्या दक्षिणेचं टोपणनाव, हा शब्द काढला. राजकारणावर ती बोलतच नाही, दोन्हीकडचे लोक माझे चाहते आहेत म्हणते. काहींना हा शहाणपणा वाटतो, मला कधीकधी ती सोयीस्कर गप्प बसते असं वाटतं, दोन्ही असू शकतं. २०२२ मधे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं नाव घेतलं तर म्हणाली मी रॉकवाली नाही, माझं नाव मागे घ्या, त्यांनी घेतलं नाही, मग ही गेली सन्मान घ्यायला आणि पुढच्या वर्षी वयाच्या ७७ व्या वर्षी रॉकचा अख्खा अल्बम काढला, तीस गाण्यांचा. कोण काय बोलणार.

वेळ संपत आलीये, गाणं लावायचंय. १९८० मधे नाइन टू फाइव्ह नावाचा सिनेमा आला, ऑफिसात राबणाऱ्या तीन बायका आणि त्यांचा हलकट बॉस, जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली. डॉलीचा हा पहिलाच सिनेमा, शूटिंग कसं असतं माहीत नाही, म्हणून तिनं सगळ्या पात्रांचे सगळे संवाद पाठ करून टाकले होते. सेटवर बसून असताना तिच्या लक्षात आलं की आपली ती लांब नखं एकमेकांवर घासली की टाइपरायटरसारखा आवाज येतो, आणि त्या ठेक्यावर तिनं तिथल्या तिथं गाणं रचायला घेतलं. रेकॉर्डिंगलाही तो आवाज ठेवला, श्रेयनामावलीत नखं म्हणून तिचं नाव आहे. गाणं कंट्रीतही एक नंबर आणि पॉपमधेही एक नंबर, शब्द आणि चाल दोन्ही तिचीच, आणि हक्क कुणाकडे ते तुम्हाला आता माहितीये. सुरुवातीला टकटक ऐकू येईल तिकडे कान द्या. लाव रे.